तीन नटांवरची पांढरी रेघ

सोमवार, १ सप्टेंबर

टाचणी टोचून बघितली. अंगठा — नाही. पहिलं बोट — नाही. मधलं — अगदी थोडं, बुटावरून खाजवल्यासारखं. डावा हात त्यातल्या त्यात बरा.

हे आता रोजचंच झालंय. दात घासायच्या आधी टाचणी. बायको बाहेरून दार वाजवते — "आत आरशाशी गप्पा मारताय का?" तिला सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. डॉक्टरकडे तर मुळीच नाही. तीस वर्षं धडधडती यंत्रं हातात धरली, त्याचंच हे. तेवढं मला न शिकताही कळतं. डॉक्टर त्याला एक नाव देतील, कागदावर लिहितील, कागद साहेबांच्या टेबलावर जाईल. मग संपलंच.

संध्याकाळी जेवताना पोर म्हणाली, मीठ मागावं इतक्या सहज — "बाबा, म्हशीची पाती आठपर्यंत फिरतायत."

घास तोंडातच राहिला.

म्हैस हे नाव पोरीनेच ठेवलेलं. बसून चालवायची गवत कापायची गाडी, पोटाखाली तीन पाती. दिवसभर चरते आणि जरा चिखल दिसला की बसकण मारते, म्हणून म्हैस. चालवणारा सीटवरून उठला की पाती थांबली पाहिजेत, पाचाच्या आत. आमच्या मैदानांच्या वर्कशॉपमध्ये त्याला घड्याळ लावत नाहीत. मोठ्याने मोजतात — एक, दोन, तीन. पोरीला मीच शिकवलं. गवत बाहेर फेकायच्या तोंडात ओला गोळा अडकला की ती उठते, पाच मोजते, हात घालते आणि गोळा ओढून काढते. आधी इंजिन बंद कर म्हणून शंभरदा सांगितलं. "तापलेलं इंजिन लगेच चालू होत नाही बाबा. दहा मिनिटं जातात." सगळेच असं करतात. मीही करायचो.

तिला म्हटलं, गाडी उद्यापासून उभी ठेव. पाती थांबवणारा क्लच खोलतो.

"तुम्ही?" म्हणाली.

मी नाही तर कोण? असं का विचारलं असेल?


मंगळवार, २ सप्टेंबर

साहेबांनी बोलावलं. शनिवारी मोठ्या मैदानावर सामना. "त्याआधी गाडी पाहिजे. नाहीतर बाहेरून माणूस बोलावू का?" त्यांचं वाक्य संपायच्या आत मी नाही म्हणून मोकळा झालो.

तीन वर्षांपूर्वी पोरीला गाडी दिली तेव्हाचे त्यांचे शब्द पाठ आहेत मला — "गाडी तुमच्या हाताखालची, म्हणून मुलीला देतो. उद्या दुरुस्ती बाहेर गेली की चालवणाराही बाहेरचाच येईल, आधीच सांगून ठेवतो." पोर त्या गाडीवर बसली की वेगळीच दिसते. घरात खांदे पाडून वावरते, गाडीवर पाठ ताठ. ते माझ्या हातांवर टेकलेलं आहे. आणि हात हे असे.

दुपारभर उस्ताद आठवत होते. मला काम शिकवणारे. त्यांची दोन बोटं अशाच गाडीने नेली — त्यांनी स्वतःच लावलेला क्लच, घाईत. पुढे कुणाला "दहा मिनिटांत येतो" म्हणून हात वर केले की बोटं आठच दिसायची. आणि खरंच आठ मिनिटांत यायचे! आम्ही हसायचो, तेही हसायचे. पण पात्याच्या गाडीजवळ कधी हसले नाहीत. क्लच लावला की म्हणायचे, आता दोन तास गवत कापून ये. तापलेल्या गाडीवर मोज. थंड गाडीवरचं मला सांगू नकोस.

आज हे सारखं का आठवतंय!


बुधवार, ३ सप्टेंबर

खोलला.

बॅटरीची तार काढली, प्लगची काढली. पात्यांचा डबा खाली घेतला, पट्टा सोडवला. मग गाडीखाली पाठीवर आडवा. क्लच इंजिनाच्या शाफ्टला खालून टांगलेला असतो, मधे एकच मोठा बोल्ट. तो काही केल्या हलेना. गंज. तेल सोडून तासभर वाट बघितली, मग लांब पाइप लावून जोर दिला तेव्हा कुठे सुटला. क्लच धपकन छातीवर आला. ओरडलो नाही, पण दम गेला.

आत काळी पूड. ब्रशने झाडली. कॉइलला मीटर लावला — चांगली आहे. ब्रेकची पट्टी झिजलेली, पण तिच्याखाली पातळ पत्रा असतो. तो काढला की पट्टी पुन्हा पुढे येते, अजून दोन वर्षं चालते. म्हणजे नवीन काही घ्यायला नको. फक्त नीट जोडायचं.

काम चांगलं चाललं होतं. नोंदवहीत लिहायला लागलो तर पानावर लाल ठिपके. कुठून आले म्हणून वर बघितलं, छताकडे! मग हात बघितला. अंगठा चांगला कापलेला, कधीचा कोण जाणे.

चिंधी बांधली. "पत्रा लागला," असं घरी सांगितलं. बायको म्हणाली, दुखतंय का? म्हटलं, फार. पोर ताटातून वर बघत होती, माझ्याकडे नाही, अंगठ्याकडे.


गुरुवार, ४ सप्टेंबर

हे नीट लिहून ठेवतो. काय केलं ते ओळीने. नंतर मलाच माझी खात्री पाहिजे.

शाफ्ट पुसला, चिकट वंगणाचा हात दिला. मग चावी — म्हणजे बोटाच्या पेराएवढा लोखंडी तुकडा, शाफ्टच्या खाचेत बसतो, त्याच्यामुळे क्लच शाफ्टबरोबर फिरतो. ती चिमटीत धरली. धरली असं मला वाटलं. बघतो तर चिमूट रिकामी. पडल्याचं ऐकू आलं नाही, सुटल्याचं कळलं नाही. अर्धा तास चुंबक घेऊन जमीन झाडत होतो, शेवटी बाहीच्या दुमडीत सापडली. घामाने सदरा ओला. एवढ्याशा चावीने तोंडचं पाणी पळवलं.

मग डाव्या हाताने बसवली. क्लच वर चढवला, मागची खाच खुंटीवर आली ना ते आरशात बघितलं — ती चुकली तर सगळा क्लच गरगरतो आणि तार तुटते. खाच बरोबर. मोठा बोल्ट टॉर्क पान्याने आवळला, पुरेसा जोर लागल्यावर पाना कट् वाजला. तो वाजतो हे बरं आहे. कानांना अजून काही झालेलं नाही.

आणि मग जागा.

क्लचमध्ये सगळा खेळ या जागेचा. वीज मिळाली की चुंबक चकतीला ओढून घेतो, पाती फिरतात. वीज गेली की स्प्रिंगा चकतीला मागे ब्रेकवर ढकलतात, पाती थांबतात. दोन्हींच्या मधे जागा ठेवायची ती पत्त्यातल्या एका पानाएवढी. जास्त ठेवली तर गाडी गवत नुसतं कुरतडते. कमी ठेवली तर सकाळी थंड असताना सगळं छान चालतं, पण तापली की लोखंड फुगतं, चकत्या एकमेकींना सोडत नाहीत, आणि माणूस उठला तरी पाती फिरत राहतात. उस्तादांची दोन बोटं त्यातच गेली.

मोजायला फिलर गेज. पातळ पोलादी पानांचा जुडगा. बरोबर जाडीचं पान फटीत घालायचं, नट आवळत जायचं, आणि पान किंचित धरलं जातंय असं लागलं की थांबायचं. बाजूला तीन खिडक्या, तीन नट. हे "किंचित" कुठल्या पुस्तकात नाही. ते बोटांत असतं. उस्ताद म्हणायचे, झोपलेल्या पोराच्या मुठीतून खेळणं काढतोस ना, तसं लागलं पाहिजे.

पान घातलं. आवळलं. ओढून बघितलं — काही नाही. अजून आवळलं. काही नाही. डाव्या हाताने बघितलं — थोडं लागल्यासारखं वाटलं, पण डावा हात या कामाला कधी लावलेला नाही, त्याला काय कळणार? अजून थोडं आवळलं. मग उजव्या हातालाही लागलं. लागलं म्हणजे, हात थांबला. तेच ना लागणं?

तिन्ही नट तसेच केले. वर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, नटावरून खाली पत्र्यापर्यंत. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते, लांबून दिसतं. रेघ छान आली. तीन सरळ रेघा बघून बरं वाटलं. निदान डोळे माझ्या बाजूने आहेत.

पोरीला बोलावलं असतं तर? शाळेत होती तेव्हा रविवारी मागे मागे यायची. गेज धरायला तिला मीच शिकवलं होतं. तिचा हात माझ्यापेक्षाही हलका होता. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. काय सांगणार? की बापाला लागत नाही?


शुक्रवार, ५ सप्टेंबर

गाडी चालू केली. आमच्याकडे रीत आहे — ज्याने क्लच लावला त्यानेच बसायचं आणि त्यानेच मोजायचं. बसलो. पाती फिरवली. उठलो. एक, दोन, तीन, चार — थांबली.

परत. चार. परत. चार!

जीव भांड्यात पडला. स्टोअरवाल्याला पण हसून दाखवलं. त्याला आम्ही कुलूप म्हणतो — एक वॉशर मागितला तर तीन सह्या घेतो. त्याला विचारलं, पोरीच्या मापाचे हातमोजे आले का? "बायकांच्या मापाचे येत नाहीत. आहेत ते घ्यायचे." पोर तीन वर्षं पुरुषांचे मोजे घालते. बोटांची टोकं अर्धा इंच रिकामी लोंबत असतात. कितीदा म्हटलं, सैल मोजे पात्याजवळ वाईट, कुठेतरी अडकतील. ती हसते — "आत एक भाडेकरू ठेवता येईल बाबा."

दोन तास गवत कापून मोजायचं राहिलं. साहेब सारखे बाहेर येऊन बघत होते. वेळ नव्हता. हे मी इथे लिहितोय, पण वेळ होता. तासभर बाकावर बसून होतो. मोजायची भीती वाटली.

पोरीला म्हटलं, उद्या तापल्यावर तूच मोज आणि मला सांग. हात घालू नकोस, नुसतं मोज. "बरं."


शनिवार, ६ सप्टेंबर

दारातच विचारलं — किती? "पाच," म्हणाली. बुटाची नाडी सोडत होती. वर बघितलं नाही. पाच! पाच म्हणजे पास. आज पोटभर जेवलो.


सोमवार, ८ सप्टेंबर

सकाळी साडेसहाला गाडी तपासायची, हे माझं नेहमीचं काम. खाली वाकलो. तिन्ही रेघा तुटलेल्या. नट पाव पाव फेरा सुटलेत.

हे नट आपणहून सुटत नाहीत. आत प्लास्टिकचं कडं असतं, फिरवायला पाना लागतो. मग कसे सुटले? तिन्ही? सारखेच?

सुटत सुटत निघून पडले तर क्लच उघडा होईल, चालत्या गाडीत, पोरीच्या सीटखाली. गेज घालून बघितलं. पान आत गेलं, बाहेर आलं. सैल की घट्ट, ठाऊक नाही. मग गेज ठेवलं आणि रेघ जुळेपर्यंत आवळले. रेघ तरी दिसते.

सव्वासातला पोर गाडी घेऊन गेली. दिवसभर कान मैदानाकडे.


मंगळवार, ९ सप्टेंबर

पुन्हा! पुन्हा तेवढेच. पाव फेरा.

पुन्हा आवळले. कुलपाकडे नवीन नट मागितले. "मागच्या महिन्यातच दिले की." त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. मला जुने नट देऊन नवे लिहून ठेवले असतील का? का हाच रात्री... त्याच्याकडे शेडची दुसरी किल्ली असते. पण तो कशाला करेल? खाली वाकायचं म्हटलं की त्याची पाठ धरते. तरी संशय आला तो आलाच. तीन सह्या केल्या, तीन नट आणले, बदलले. पहिल्याच मापाला आवळले. नवी रेघ.


बुधवार, १० सप्टेंबर

नव्या नटांवरची रेघही तुटली.

आज वेगळीच भीती. मीच तर करत नाही ना? सकाळी येतो, सैल करतो, विसरतो? बोटं गेली, आता डोकं? हसू नये, पण स्वतःला प्रश्न विचारून बघितले. बायकोचा वाढदिवस. पोरीची शाळा. उस्तादांच्या दुकानाचा पत्ता. सगळं आठवतं. मग नट कोण फिरवतंय?

दुपारी घरी तव्याची कड हाताने धरून खाली ठेवली. बायको ओरडली — "अहो, गरम आहे!" मी उशिरा हात झटकला. तिला दाखवण्यापुरता. तिने पाण्याचं भांडं पुढे केलं. पोर दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

पोरीला विचारावं असं मनात येतं — तापल्यावर कितीपर्यंत फिरतात? पण विचारलं तर ती विचारेल, का बाबा, खात्री नाही? आणि मग मला खोटं बोलावं लागेल. तिने शनिवारी पाच सांगितलंय. पाचच असणार.


गुरुवार, ११ सप्टेंबर

काल संध्याकाळी मीच किल्ली लावली होती शेडला, कुलपाकडची दुसरी किल्लीही मागून घेतली होती. कारण काहीतरी सांगितलं. सकाळी उघडलं — रेघा तुटलेल्या. आत उंदीर सुद्धा गेला नसेल.

म्हणजे यंत्रच. थरथरून सुटतायत. म्हणजे माझं आवळणं कच्चं. हात कच्चे. गाडी चालताना एकेक नट हळूहळू मागे जातोय, वर पोर बसलीय, शीळ घालतेय — ती गाडीवर शीळ घालते, इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू येत नाही असं तिला वाटतं.

दोनदा वाटलं जाऊन सांगावं साहेबांना. त्यांच्या दारापर्यंत गेलो. आत कुणीतरी बसलं होतं. परत आलो. आत कुणी नसतं तरी परतच आलो असतो.


शुक्रवार, १२ सप्टेंबर

जे केलं ते लिहितो.

नट कायमचे धरून ठेवायला एक लाल गोंद येतो. एकदा सुकला की पान्याने उघडत नाही, ज्योतीने तापवावं लागतं. कमीजास्त करायच्या नटाला तो कधीही लावायचा नाही, हे पहिल्या वर्षी शिकवतात. उस्तादांनी बघितलं असतं तर आठही बोटं गालावर उमटली असती.

दुपारी गाडी आल्यावर नट रेघेला आणले आणि तिन्हींवर लाल गोंद सोडला. दोन दोन थेंब. कुलपाने बाटलीसाठी तीन सह्या घेतल्या, कारणाच्या रकान्यात मी "इतर" लिहिलं.

आता फिरा म्हणावं.

पेन किती दाबून धरलंय तेही कळत नाही. कागद फाटला इथे. पण मन शांत आहे. बऱ्याच दिवसांनी.


शनिवार, १३ सप्टेंबर, दुपार

गाडी परत आली. धावत जाऊन खाली वाकलो. रेघा जशाच्या तशा! तिन्ही सरळ! सुटलो!

मागे वळलो तर पोर गेलेली. हातपाय धुवायला गेली असेल. गाडी नेहमीसारखी ओळीत लावली नव्हती, दारातच आडवी सोडली होती, आणि इंजिन बंद करायचंही विसरली होती. दमली असेल. मीच बंद केलं. किती मोजले ते विचारायचं राहिलं, पण रेघा आहेत ना.


रविवार, १४ सप्टेंबर

पोरीने हातमोजा टेबलावर ठेवला. दोन बोटांची टोकं नाहीत. सरळ कापलेली, कात्रीने कापावीत तशी. तिची बोटं आहेत. दहाही आहेत. मी तीनदा मोजली.

म्हणाली — "रोज सकाळी पंपाच्या खोलीमागे गाडी थांबवून मीच नट सैल करत होते, बाबा. तुम्ही गेज दाबून घालता, कळत नाही तुम्हाला. पहिल्या दिवशी तापल्यावर नऊपर्यंत फिरली, सैल केल्यावर पाच. रेघ मुद्दाम तुटलेलीच ठेवत होते. वाटलं, बघाल आणि विचाराल. तुम्ही रोज परत आवळत होतात. काल नट हलेना. मला वाटलं, बाबांनी आता नीट लावलंय, म्हणूनच पक्कं केलंय. वर्षभरात पहिल्यांदा, पाती थांबली का ते खाली वाकून न बघता, नुसते पाच मोजले आणि हात घातला."

वर्षभरात!

उद्या साहेबांकडे जातोय. दोघंही. गेज तिच्या खिशात आहे.

मी डोळे मिटून बसलो होतो. जरा वेळाने उघडले, तर तिचा हात माझ्या बोटांवर होता. तिने तो कधी ठेवला, मला कळलंच नव्हतं.